पदवीचं माप कुणी ठरवलं?

महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजची आजची गुणपत्रिका हातात घ्या. विषयाचं नाव, गुण, श्रेणी, आणि शेजारी एक अरुंद रकाना: क्रेडिट. कुठे ४, कुठे २. ज्या मुलीला विषयात ९५ गुण पडले तिलाही ४, आणि जो मुलगा काठावर सुटला त्यालाही ४. नापास झालं की शून्य, आणि एटीकेटी सुटली की पुन्हा पुरे ४. गुण खालीवर होतात. क्रेडिट मिळतं तर सगळं, नाही तर काहीच नाही. घरातली मोठी माणसं हा रकाना ओलांडून थेट टक्क्यांकडे नजर टाकतात. पदवी हातात पडणार की नाही, हे मात्र याच रकान्याच्या बेरजेवर ठरतं. राज्याच्या नव्या आराखड्यात प्रत्येक सत्राला साधारण २२ क्रेडिट धरलेली आहेत. तीन वर्षांची पदवी हवी तर १३२, चार वर्षांची ऑनर्स हवी तर १७६.

हे आकडे आले कुठून? शिकणं मोजण्यासाठी असं एकक कुणी बनवलं? याचा माग काढत मागे गेलं की वाट भलत्याच ठिकाणी पोचते. तिथे ना कुणी शिक्षणतज्ज्ञ आहे, ना कुणी तत्त्ववेत्ता. तिथे आहे अमेरिकेतल्या वृद्ध प्राध्यापकांच्या पेन्शनची चिंता करणारा एक पोलादाचा कारखानदार.

त्याच्याही आधी एक पाऊल टाकायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्वर्डसारख्या कॉलेजात सगळ्यांनी मिळून एकच अभ्यासक्रम करायचा असे: लॅटिन, ग्रीक, गणित. सगळे एकत्र आत गेले, एकत्र बाहेर आले. तिथे मोजायचं काय? वर्षं मोजली की झालं. मग १८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षं त्या खुर्चीवर राहिले. विद्यार्थ्याने स्वतःचे विषय स्वतः निवडावेत, हा त्यांचा ध्यास. कुणी रसायनशास्त्र घेतलं, कुणी जर्मन, कुणी इतिहास. आणि इथेच पंचाईत झाली. दोन मुलं शेजारी बसून एकच पदवी घेणार, पण दोघांनी शिकलेल्यातलं काहीच सारखं नाही. मग दोघांचं शिक्षण ‘तेवढंच’ झालं हे म्हणायचं कशाच्या जोरावर? उत्तर सोपं निघालं: विषय कोणताही असो, आठवड्याला किती तास वर्गात बसलात ते मोजा. विद्यार्थ्याला निवडीचं स्वातंत्र्य देण्याची किंमत म्हणून मोजणी आली. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, कारण आज क्रेडिटकडे आपण कारकुनी बंधन म्हणून बघतो, आणि त्याची गरज पडली ती मात्र मोकळीक दिल्यामुळे.

आता तो कारखानदार. अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा. अमेरिकेत येऊन गिरणीत दोऱ्याच्या रिळांवर काम करण्यापासून त्याने सुरुवात केली आणि पोलादाच्या धंद्यात जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. १८९० साली तो कॉर्नेल विद्यापीठाचा विश्वस्त झाला, तेव्हा प्राध्यापकांचे पगार बघून तो चकित झाला. म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला टाकावेत एवढंही त्या पगारात भागत नव्हतं. १९०१ मध्ये आपली कंपनी विकून तो दानधर्माकडे वळला आणि १९०५ मध्ये त्याने १ कोटी डॉलर काढून ठेवले. काम एकच: कॉलेजच्या प्राध्यापकांना फुकट पेन्शन देणं. त्यासाठी जी संस्था उभी राहिली तिच्या विश्वस्तांचे प्रमुख होते हेच चार्ल्स एलियट, आणि संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले हेन्री प्रिचेट, मूळचे खगोलशास्त्रज्ञ.

पैसे द्यायला बसल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला: कॉलेज म्हणायचं कशाला? त्या काळात अमेरिकेत कुणीही पाटी लावून कॉलेज काढत असे. काही कॉलेजं नावालाच कॉलेज होती, आत हायस्कूलचंच शिकवणं चाले. मग प्रिचेट आणि मंडळींनी अटी घातल्या. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा हवा. कॉलेज कुठल्या धर्मपंथाच्या ताब्यात नको. आणि आत येणारा विद्यार्थी हायस्कूलची चार वर्षं नीट पुरी करून आलेला हवा. आता ‘नीट पुरी’ म्हणजे किती? तर १४ युनिट. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात १२० तास. या मापाला पुढे कार्नेगी युनिट असं नाव पडलं.

पेन्शनचं आमिष केवढं जबर होतं बघा. ते मिळावं म्हणून काही कॉलेजांनी शंभर-शंभर वर्षांची चर्चशी असलेली नाती तोडली. कॉलेजं हे माप मागतात म्हणून देशभरातल्या हायस्कुलांनी आपली वेळापत्रकं त्यात बसवली. कुठल्याही सरकारने हुकूम काढला नव्हता, कुठला कायदा झाला नव्हता. निवृत्त मास्तरांच्या पोटापाण्याची सोय करायला निघालेल्या एका धर्मादाय संस्थेने काही वर्षांत एका खंडप्राय देशाच्या शाळांची घंटा एका तालावर आणली. पेन्शनचा पैसा पुढे अपुरा पडू लागला आणि १९१८ मध्ये त्यासाठी वेगळी विमा संस्था काढावी लागली. तीही आजतागायत चालू आहे. युनिट मात्र ज्या कामासाठी जन्मलं ते काम कधीच मागे सोडून पुढे निघून गेलं.

कॉलेजच्या आतली मोजणी पक्की व्हायला आणखी एक माणूस कारणीभूत झाला. मॉरिस कुक हा इंजिनिअर. कारखान्यात कामगाराच्या प्रत्येक हालचालीला घड्याळ लावणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा तो शिष्य. प्रिचेटनी त्याला विद्यापीठांची कार्यक्षमता तपासायला पाठवलं. तो पदार्थविज्ञानाच्या विभागांमध्ये फिरला आणि १९१० मध्ये त्याने अहवाल दिला. एका विद्यार्थ्याचा वर्गातला किंवा प्रयोगशाळेतला एक तास हे मोजणीचं एकक धरा, मग कोणता विभाग किती खर्चात किती काम करतो ते कळेल, असं त्याचं म्हणणं. कारखान्यातली टेलरची पद्धत अशी वर्गाच्या दाराशी आली.

अमेरिकेची पदवी आजही त्याच चौकटीत उभी आहे. आठवड्याला वर्गातला एक तास, असं साधारण १५ आठवडे चाललं की एक क्रेडिट. सत्राला अशी १५, वर्षाला ३०, चार वर्षांत १२०. आणि वर्गातल्या प्रत्येक तासामागे विद्यार्थ्याने घरी किंवा ग्रंथालयात दोन तास घालवायचे. हा पूर्वापार संकेत होता. २०१० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने तो नियमांत लिहून टाकला, कारण विद्यार्थ्यांची सरकारी आर्थिक मदत क्रेडिटवर अवलंबून असते. या मदतीच्या नियमात एक बारीक गाठ आहे. सत्राला १२ क्रेडिट घेतली तरी विद्यार्थी पूर्णवेळ मानला जातो. पण १२ गुणिले ८ सत्रं म्हणजे ९६. म्हणजे नियमाने पूर्णवेळ शिकूनही चार वर्षांत पदवी हातात येत नाही, पाचवं वर्ष लागतं. २०१४ साली चार वर्षांच्या संस्थांमध्ये पहिल्यांदा पूर्णवेळ दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपैकी सहा वर्षांत पदवी घेतलेले ६४ टक्के. चार वर्षांची पदवी सहा वर्षांत मोजावी लागते, यावरून तिथला फीचा आणि कर्जाचा भार कळतो.

अमेरिकेत तरी चार वर्षंच का? त्याला कुठलंही गणित नाही. हार्वर्ड १६३६ मध्ये निघालं तेव्हा सुरुवातीला पदवी तीन वर्षांची होती; १६५० च्या दशकात ती चार वर्षांची केली गेली आणि मुलांनी त्यावर कुरकूर केली. अडीचशे वर्षांनी एलियटनाच ती पुन्हा तीन वर्षांवर आणायची होती. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हार्वर्डचा पदवीचा अभ्यास तीन वर्षांत उरकला आणि चौथं वर्ष मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राच्या संपादनासाठी काढलं. २०२३ मध्ये तिथल्या आयडाहो राज्यातल्या एका विद्यापीठाला १२० ऐवजी ९० च्या आसपास क्रेडिटच्या पदवीला मान्यता मिळाली. साडेतीनशेहून अधिक वर्षं हा वाद मिटलेला नाही.

मुंबई विद्यापीठाचा इतिहासही असाच हलता आहे. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मॅट्रिकपासून बी.ए. पर्यंत तीन वर्षं. पुढे ती चार झाली, आणि आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवते ती शिडी आली: अकरावीची मॅट्रिक, मग प्री-डिग्री, इंटर, ज्युनियर बी.ए., सीनियर बी.ए. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा-अधिक-दोन-अधिक-तीनचा आकृतिबंध सुचवला आणि सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने तो घेतला. बेरीज करून बघा. जुनी ११ अधिक ४, नवी १० अधिक २ अधिक ३. दोन्हीकडे १५. एक वर्ष कॉलेजातून उचलून शाळेच्या बाजूला ठेवलं, एवढंच झालं. या १५ च्या आकड्याने मराठी घरांतल्या किती मुलांना परदेशी विद्यापीठांच्या दारात अडवलं आहे! अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशाला अनेक ठिकाणी १६ वर्षांचं शिक्षण मागतात. इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा मुलगा निघून जातो, बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेली त्याची बहीण, कदाचित त्याच्याहून हुशार, एम.एस्सी., एम.कॉम. करून मग अर्ज भरते.

क्रेडिटची कल्पना महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाने आणली असं पुष्कळांना वाटतं. कृषी महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचारा. १९६० मध्ये पंतनगरला देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने, अमेरिकी धर्तीवर निघालं. त्याच वाटेने राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथली विद्यापीठं आली. तिथल्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयापुढे ३ (२+१) असं लिहिलेलं असतं: तीन क्रेडिट, त्यांतली दोन वर्गातली, एक प्रात्यक्षिकाची. पुण्या-मुंबईच्या कला आणि वाणिज्य शाखांना ज्याचा पत्ता नव्हता ते माप राहुरीच्या शेतात फिरणाऱ्या मुलांच्या केव्हाच अंगवळणी पडलं होतं. मुक्त शिक्षणातही तेच. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इग्नूने अभ्यासाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट असं धरलं आणि बी.ए. ची ९६ क्रेडिटची पदवी वर्षानुवर्षं दिली.

आता सगळ्या देशांची मापं शेजारी ठेवून बघा. मला स्वतःला या विषयाने झपाटलं ते इथे.

अमेरिकेत पदवीला १२० क्रेडिट. युरोपात, १९९९ मध्ये बोलोन्यात झालेल्या करारानंतर जी पद्धत रुळली तिच्यात, तीन वर्षांना १८०. इंग्लंडमध्ये तीन वर्षांना ३६०. भारतात तीन वर्षांना किमान १२०, चार वर्षांना किमान १६०. नुसते आकडे बघितले तर कुणाचा कुणाशी मेळ नाही. पण शेर आणि पायलीचे आकडे वेगळे असले तरी पोत्यातलं धान्य तेवढंच असतं. म्हणून क्रेडिटमागचे तास काढू या.

इंग्लंडमध्ये एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे १० तास. ३६० गुणिले १०, म्हणजे ३,६०० तास. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे वर्ग, प्रात्यक्षिक, स्वतःचा अभ्यास सगळं धरून ३० तास. १२० गुणिले ३०, पुन्हा ३,६०० तास. आकडा तिप्पट वेगळा, मेहनत तंतोतंत तीच. अमेरिकेचं बघा: एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला एक आणि घरचे दोन, असे तीन तास, १५ आठवडे, म्हणजे ४५. त्याला गुणिले १२०, ५,४०० तास. युरोपात एका क्रेडिटला २५ ते ३० तास. १८० क्रेडिटचे ४,५०० ते ५,४००. म्हणजे युरोपचा तीन वर्षांचा पदवीधर कागदावर अमेरिकेच्या चार वर्षांच्या पदवीधराइतकाच राबलेला असू शकतो. आणि आपली महाराष्ट्राची चार वर्षांची १७६ क्रेडिट? गुणिले ३०, ५,२८० तास. अमेरिकेपेक्षा अवघे १२० तास कमी, म्हणजे एका कार्नेगी युनिटएवढे.

आठवड्याचा हिशोब तर आणखी जवळ येतो. अमेरिकेचा विद्यार्थी १५ क्रेडिट घेतो, तासांत ४५. आपला २२ घेतो, तासांत ४४. फरक पडतो तो वाटणीत. अमेरिकेत वर्गात १५ तास आणि ३० तास स्वतःचे. आपल्याकडे वर्गात किमान २२, आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला वर्गातले दोन तास लागत असल्यामुळे विज्ञानाच्या मुलांना त्याहून कितीतरी जास्त. उरलेला वेळ स्वतःचा. म्हणजे दोन्ही देशांनी मुलाकडून कष्ट सारखेच मागितले, पण एकाने त्यातले दोन तृतीयांश मुलाच्या भरवशावर सोडले आणि दुसऱ्याने निम्मे किंवा त्याहून अधिक शिक्षकाच्या समोर बसवून घ्यायचे ठरवले. आपल्या शिक्षणाबद्दल शंभर परिसंवादांत जे ऐकायला मिळत नाही ते या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. आणि जिथे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावरचा शिक्षक तीन कॉलेजं करत फिरतो, तिथे वर्गातले तास कागदावरच राहतात. वर्गही नाही, ग्रंथालयही नाही, आणि क्रेडिट मात्र पुरे ४. हे थांबायला हवं.

नव्या रचनेत मला खरी नवलाची वाटते ती वर्षं आणि क्रेडिट यांची सुटलेली गाठ. पहिल्या वर्षाची क्रेडिट आणि वर ४ क्रेडिटचा एखादा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी तसंच पदविका घेऊन. तीन वर्षांच्या आत परत यायचं, आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. मिळवलेली क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावाने जमा राहतात, साधारण सात वर्षं. वडील आजारी पडले, लग्न ठरलं, नोकरी धरावी लागली, म्हणून दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या बायका प्रत्येक मराठी कुटुंबात आहेत. त्यांच्या त्या दोन वर्षांची कुठे नोंदच राहिली नाही. ‘एफ.वाय. नापास’, ‘एस.वाय. सुटलं’ एवढीच ओळख उरली. आज तशी वेळ आलेल्या मुलीच्या खात्यावर ८८ क्रेडिट शिल्लक असतील. सगळी विद्यापीठं ही देवघेव प्रामाणिकपणे करतील का, हा प्रश्न आहेच. आज एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना विषयांचा मेळ लावण्यात मुलांची दमछाक होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे युजीसीने, आणखी एक पाऊल टाकलं. ज्याला झेपेल त्याने दर सत्राला जास्त क्रेडिट घेऊन तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत उरकावी, ज्याला वेळ हवा त्याने दोन सत्रं जास्त घ्यावीत. क्रेडिट तेवढीच, वर्षं कमीजास्त. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली होती आणि वर्षभरात गदारोळ होऊन ती मागे घ्यावी लागली होती. अकरा वर्षांत वर्षांच्या आकड्याचा दरारा इतका उतरला.

आणि तिकडे जन्मगावी काय चाललं आहे? कार्नेगींच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी १९९३ मध्ये जाहीर केलं की कार्नेगी युनिट आता कालबाह्य झालं आहे. २०१५ मध्ये संस्थेने पुन्हा अभ्यास केला आणि दोष मान्य करूनही तूर्त याला पर्याय नाही असं सांगितलं. २०२३ पासून ती संस्था, वर्गातल्या तासांऐवजी प्रत्यक्ष आलेलं कौशल्य मोजणारं माप शोधायच्या कामाला लागली आहे. म्हणजे ज्यांनी हे माप जगाला दिलं तेच आता ते सोडायला निघाले आहेत, नेमकं आपण ते घरोघरी पोचवत असताना. मला यात आपण मागे पडलो असं वाटत नाही. किती शिकलं हे क्रेडिटला कधीच कळलं नाही, ते त्याचं कामच नव्हतं. त्याच्यामुळे शिकलेलं वाया जात नाही, एका ठिकाणचं दुसरीकडे नेता येतं, थांबून पुन्हा सुरू करता येतं. साताऱ्यातल्या नाही तर सावंतवाडीतल्या मुलीसाठी एवढं पुरेसं मोठं आहे.

तुमच्या घरात कुणी पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असेल तर आज त्याच्या शेजारी बसा आणि डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचं खातं उघडून बघा. सत्राची २२ क्रेडिट तिथे जमा झाली आहेत का, हे गुणपत्रिकेशी ताडून पाहा. नसतील तर परीक्षा विभागात लगेच अर्ज द्या, तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. चौथं वर्ष संशोधनासह करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात, म्हणजे त्याची मोजणी पहिल्या सत्राच्या पहिल्या विषयापासूनच चालू झालेली आहे.